साक्षीचा घोट

आसुबोने
सोमवार, २ सप्टेंबर २०२४

अबेना,

मेन्साच्या गाडीनं तू धाडलेलं बोचकं काल उपासनेनंतर हाती आलं. आत निघालं ते असं: मी तुला दिलेलं सुतकाचं काळं कापड, सहा वार, एक टोक उंदरानं कुरतडलेलं. चिनी मातीच्या ताटल्या चार. मी सहा दिल्या होत्या. माझ्या आईचं गीतांचं पुस्तक. अर्धी झिजलेली साबणाची वडी एक. गाडीभाडं वीस सेडी आणि थांब्यावरून डोक्यावर आणणाऱ्या मुलीचे पाच, दोन्ही माझ्याकडून वसूल झाले. सामान धाडणारीनं भाडं भरायचं असतं, हे तुझ्या माहेरी शिकवत नसतील.

वर्ष पुरं व्हायच्या आत सुतकाचं कापड परत करणारी विधवा मी आजवर पाहिली नव्हती. क्वाबेना माझा पाठचा भाऊ. तो जाऊन अजून वर्ष व्हायचंय. शनिवारी १९ ऑक्टोबरला त्याचं वर्ष आहे, त्या दिवशी सगळ्या कुळासमोर तू काळं उतरवायचंस, आणि त्याच्या वस्तूंची आणि शेताची वाटणी व्हायची. तोवर कापड अंगावर ठेवायला काय काटे टोचत होते?

आणि ती चिठ्ठी! "वन्सं, जी बाई आपली सही विकते तिच्या घरचं कापड मी अंगाला लावत नाही." मी तीनदा वाचली. कसली सही? शेवटची सही मी केली ती जुलैत, चर्चच्या महिला मंडळाच्या वहीत. खजिनदार म्हणून. त्यात एका पेस्वाचा फरक दाखव, मी आसुबोने सोडून जाते.

फोन करू नकोस. मागच्या वेळी माझा आवाज साठवून तू सगळ्या नातेवाइकांना ऐकवलास. जे म्हणायचंय ते कागदावर लिही, म्हणजे नंतर तुला फिरवता येणार नाही.

देव तुला शहाणपण देवो. मी मागते आहेच.

अज्वा न्यार्को


कुमासी
शुक्रवार, ६ सप्टेंबर

वन्सं,

दोन ताटल्या तुमच्या लाडक्या ओडुरोनं फोडल्या, माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला, त्याच्याच दारात. साबण मात्र माझा होता. चुकून आला. ठेवून घ्या, उपयोगी पडेल, हात धुवायला.

"कसली सही" म्हणता? बरं. तुम्हाला ठाऊक नाही असं धरून सांगते, म्हणजे हा कागद दुसऱ्या कुणी वाचला तरी त्याला कळेल.

ओढ्याकाठचं शेत. अठरा वर्षं मी आणि तुमच्या भावानं त्यात कोकोची झाडं लावली. गेल्याच्या गेल्या ईस्टरच्या शनिवारी, चांगले हातपाय चालत असताना, त्यानं ते आमच्या सेर्वाला दिलं. आपल्या रीतीनं मामाचं भाच्याला जातं, बापाचं लेकीला नाही. म्हणून तर त्यानं जिवंतपणी, साक्षीदार बसवून दिलं. सेर्वाच्या वतीनं मी आभाराची दारूची बाटली फोडली. पेला आधी तुमच्या अदोमाको मामांनी घेतला, मग तुम्ही. ज्यानं पेला घेतला तो साक्षीदार, हे मी तुम्हाला शिकवायचं? अदोमाको मामा गेले. तुमचा भाऊ गेला. उरलात तुम्ही एकट्या.

आता कोको संघाच्या नोंदीत काय आहे बघा. प्रत्येक शेताला एक नोंद, आणि नोंदीला कुळातल्या साक्षीदाराची सही, फोनातल्या किल्लीची. तुम्हालाही संघातल्या लिडियानं जानेवारीत किल्ली करून दिली. तुमच्या किल्लीनं ११ ऑगस्टला, पहाटे पाच चाळीसला, हे लिहिलंय: "माझा भाऊ क्वाबेना असियामा यानं ओढ्याकाठचं शेत कुणालाही दिलं नाही. माझ्यासमोर आभाराचा पेला फिरला नाही. मी साक्ष आहे."

मी लिडियाला म्हटलं, कुणीतरी चावटपणा केला असेल. तिनं माझ्यासमोर तपासलं. तुमच्या किल्लीचा नंबर घातला, मजकूर घातला, सही घातली. हिरवी खूण आली. मग तिनं मजकुरातलं एक अक्षर बदलून दाखवलं, लगेच लाल. म्हणाली, "ताई, अज्वा मावशींच्या किल्लीशिवाय ही सही होऊच शकत नाही. आणि ती शेकडो यंत्रांवरच्या एकाच वहीत बसलीय. खोडायची सोय नाही."

क्वाबेनाचा भाचा एकच, तुमचा ओडुरो. वर्षाच्या दिवशी शेत कुणाला जाणार, हे गणित मॅट्रिक झालेल्या बाईला मी मांडून दाखवायला नको.

आपल्यात नणंदेला बाईच्या रूपातला नवरा मानतात. माझा एक नवरा शेत देऊन गेला, दुसरा ते काढून घेतोय. वर्षाला मी येणार नाही. ज्या अंगणात माझ्या लेकीला खोटं पाडलं तिथं मी पाय ठेवणार नाही.

अबेना पोकुआ


आसुबोने
बुधवार, ११ सप्टेंबर

अबेना,

तुझं पत्र मेन्सानं फोडलेलं होतं की वाटेत उघडलं, देव जाणे. आणि तू त्यात लिहितेस की मी पेला घेतला! मी! महिला मंडळाची अकरा वर्षांची खजिनदार, जिनं दारूला शिवणार नाही म्हणून पाळकांसमोर हात वर केलाय. अशा गोष्टी कागदावर लिहिताना तुला काहीच वाटत नाही?

आता सहीचं. मी ती केलेली नाही. ११ ऑगस्टला रविवार होता. पहाटे पाच चाळीसला मी चर्चमध्ये बाकं पुसत होते, एस्तरबाई साक्षीला आहेत. फोन माझ्याकडे नव्हता. चष्म्याशिवाय मला त्यातलं काही दिसत नाही, हे तुला पक्कं माहीत आहे. हसायचीस ना त्यावरून.

तू म्हणशील, मग दुसऱ्यानं कुणी केली. तेही होणार नाही, आणि का ते ऐक. लिडियानं किल्ली केली तेव्हा इंग्रजीतले बारा शब्द कागदावर दिले. म्हणाली, मावशी, हे बारा शब्द ज्याच्याकडे त्याच्याकडे किल्ली; फोन हरवला तरी शब्दांवरून पुन्हा उगवते. कागद कुणाला दाखवू नका. मी म्हटलं, कागद हवाच कशाला? घरात वाळवी, भाचरं, शेजारीण. मी शब्द पाठ केले आणि कागद चुलीत घातला. नुसते शब्द वयाच्या मानानं डोक्यात राहीनात, तेव्हा त्यांना गीताची चाल लावली. रोज पहाटे अंगण झाडताना दोनदा म्हणते, एक शब्द मागंपुढं होत नाही. चोर कागद चोरील, डोकं कसं चोरील? लिडियाला हे सांगितलं नाही. आजकालच्या पोरींना वाटतं बुद्धी त्यांच्याच फोनात असते. शब्द इथं लिहीत नाही. मी इतकी खुळी नाही.

तेव्हा तुझं ते यंत्र बिघडलेलं आहे. संघाला जाऊन तसं सांग, आणि माझी माफी मागणारं पत्र धाड. गाडीभाडं भरून.

अज्वा न्यार्को


कुमासी
शनिवार, १४ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र मी बाजारात, कांद्याच्या पाट्यांमध्ये बसून वाचलं. इतकी हसले की शेजारच्या मिरचीवालीनं पाणी आणून दिलं.

शब्द तुम्ही लिहीत नाही? मी लिहिते. शिडी, शहामृग, लिंबू, अनाथ. मग तुम्ही झाडू आपटता. छत्री, मिरी, मखमल, नदी. मग कोंबड्यांना हाकलता. उरलेले चार सेर्वाला येतात, तिच्या मैत्रिणींना येतात, समोरच्या शिंप्याला येतात. वन्सं, मे महिन्यात मी घर सोडेपर्यंत रोज पहाटे त्या शहामृगानं मला उठवलंय! आम्हाला वाटायचं, परदेशातल्या चर्चचं नवं गीत आहे. तुमच्या मंडळातल्या बायकांनी ते ईस्टरला टाळ्या वाजवत म्हटलं, आठवतंय? तुम्ही पुढं उभ्या होतात. घाबरून थांबवाल असं वाटलं तर तुम्ही दुसऱ्या सुरात साथ दिलीत. आसुबोनेच्या निम्म्या चर्चकडे तुमची किल्ली आहे. उरलेल्या निम्म्यांना सूर नाही म्हणून नाही.

आता सोबतचा कागद बघा. सेर्वानं काल तिच्या फोनात बारा शब्द घातले. तुमच्या किल्लीचा नंबर जसाच्या तसा उगवला. मग मी सांगितलं ते तिनं लिहिलं आणि तुमच्या किल्लीनं सही केली: "मी, अज्वा न्यार्को, जाहीर करते की माझ्या भावजयीच्या हातचा पालेभाजीचा रस्सा माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होतो." तपासलं. हिरवी खूण. छापून धाडलंय, भिंतीला लावा. संघाच्या वहीत घातलेलं नाही. भ्यायचं कारण नाही.

सेर्वा म्हणाली, "आई, मग आपण खरं तेच लिहू या की आत्याच्या नावानं. पेला फिरला, शेत दिलं. त्यातही हिरवीच खूण येईल."

मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. फार वेळ धरून बसले होते, तेही सांगते. चार ओळी घातल्या असत्या की शेत माझ्या लेकीचं. आणि एकही अक्षर खोटं नसतं. पण मग तुमच्या घरात ज्यानं ते केलं त्याच्यात आणि माझ्यात फरक काय उरला?

कुणी केलं ते तुम्ही शोधा. त्या अंगणात पहाटे कोण कोण झोपलेलं असतं, ते मला सांगायला लावू नका.

अबेना


आसुबोने
शुक्रवार, २० सप्टेंबर

अबेना,

तो कागद मी फाडला. रश्शाचं सोड, तुझ्या रश्शात मीठ कधी पडलं असेल तर देवाची कृपा.

तीन दिवस मी अंगण झाडलं नाही. चौथ्या दिवशी तोंड मिटून झाडलं, तर शिंप्यानं विचारलं, "मावशी, आज गीत नाही? घसा बसला का?" जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. हे सगळं तू चार महिने ऐकत होतीस आणि एका शब्दानं बोलली नाहीस. यात तुझा कसा फायदा होता, ते देवाला ठाऊक.

आणि आता मी विचारते. किल्ली सगळ्यांकडे होती, तर ती तुझ्याकडेही होती. सही तूच केली नसशील कशावरून? मला बदनाम करायचं, मग रडत संघात जायचं. तुला हे जमतं. दहाव्यालाही तू बायका बघत असतानाच रडायचीस.

माझ्या ओडुरोकडे बोट दाखवू नकोस. तो मामाच्या मागून फिरून मोठा झाला. त्या रविवारी तर तो माझ्याआधी उठला होता, माझा फोन दुकानात चार्ज करायला घेऊन गेला होता, घरात वीज नव्हती म्हणून. असा मुलगा. आईचा फोन बंद पडू नये म्हणून पहाटे उठणारा.

मी सही केलेली नाही. पुन्हा सांगते. मी सही केलेली नाही. देवासमोर सांगेन, पाळकांसमोर सांगेन, कुळाचे थोरले ओपान्यिन बोआडू यांच्यासमोर सांगेन. माझं मन आरशासारखं स्वच्छ आहे.

अज्वा न्यार्को


कुमासी
बुधवार, २५ सप्टेंबर

वन्सं,

तुमची तिन्ही पत्रं ओट्यावर मांडून बसले. सही तुम्ही केली नाही, हे तुम्ही एकूण तीन वेळा लिहिलंय. मी मोजलं.

त्या सहीच्या वरती जे लिहिलंय ते खोटं आहे, हे एकदाही लिहिलेलं नाही.

मजकूर चुकीचा असता तर तुम्ही पहिल्या ओळीत ओरडल्या असतात, "अगं, पेला तर फिरला होता, कुणी मेल्यानं हे लिहिलं!" ते राहिलं. यंत्र बिघडलं, अबेना वाईट, रस्सा अळणी, सगळं आलं. तेवढं राहिलं.

चाळिसाव्या दिवशी ओपान्यिननी भर बैठकीत विचारलं होतं, "क्वाबेनानं कुणाला काही दिलं होतं का?" तुम्ही म्हणालात, "आज दुःखाचा दिवस, जमिनीचं काढू नका." लोकांना वाटलं, केवढी सोशिक बाई. मी समोर बसले होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

चोरानं तुमचं नाव चोरलं, आणि तुम्हाला ते सोयीचं झालंय. आता तुम्हाला खोटं बोलावंच लागत नाही. तुमच्या वतीनं किल्ली बोलली. तुम्ही नुसतं "मी नाही केलं" म्हणत बसायचं. आणि १९ तारखेला गप्प राहायचं.

म्हणून एकच विचारते. सहीचं नको, किल्लीचं नको. त्या शनिवारी तुम्ही प्यायलात की नाही?

अबेना


आसुबोने
रविवार, १३ ऑक्टोबर

अबेना,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे उलटून गेले. एवढ्यात मी चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा चुलीत घातला. आज एकदाच लिहून टाकते. वाचताना खूश होऊ नकोस. तुझ्यासाठी हे करत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ओडुरो जेवायला बसला होता. मी फुफूचा गोळा पुढं ठेवला आणि उभ्यानंच विचारलं, "११ ऑगस्टला माझ्या फोनवर काय केलंस?"

त्यानं हात थांबवला नाही. "मामीनं लिहिलं ना?"

"मी तुला विचारतेय."

"आई, मी खोटं काय लिहिलं? तू वर्षभर जे केलंस तेच लिहिलं. तू गप्प बसलीस. मी तुझं गप्प बसणं लिहून काढलं."

"माझ्या नावानं!"

"तुझ्याच नावाचं होतं ते. नको होतं तर बैठकीत बोलायचंस. तू बोलली नाहीस तेव्हा मला वाटलं, आई माझ्या बाजूनं आहे. वाटू नये? रोज पहाटे किल्ली गाऊन दाखवतेस. मला वाटलं मलाच सांगतेयस."

त्याला थोबाडीत मारायला हात उचलला आणि तसाच खाली आला. कारण तो जे म्हणाला त्यातलं पहिलं वाक्य मला खोडता येईना.

मी संघात गेले. लिडियाला म्हटलं, ही नोंद काढून टाक, माझी नाही. ती म्हणाली, "मावशी, काढता येत नाही. तुम्ही त्याच किल्लीनं उलट साक्ष लिहू शकता. मग वहीत दोन साक्षी राहतील, दोन्ही तुमच्या, दोन्ही हिरव्या."

"मग तुझ्या यंत्राला खरं-खोटं कळत नाही?"

"नाही मावशी. त्याला किल्ली कळते. ती कुणाच्या हातात होती ते कळत नाही, आणि किल्ली धरणारा माणूस खरं बोलतो का तेही नाही."

"नवी किल्ली कर."

"करते की. पण ती तुमचीच, हे कोण सांगणार? जुनी किल्ली ओळख देऊ शकत नाही. ती गावाला पाठ आहे. चारचौघांनी तुम्हाला तोंडानं बोलताना ऐकलं पाहिजे. मग संघ लिहील की आजपासून अज्वा न्यार्कोची किल्ली ही, आणि त्याखाली तुमची साक्ष." वर म्हणाली, "आणि मावशी, ही गाऊ नका."

एवढ्याशा पोरीपुढं मला मान खाली घालावी लागली. असो.

आता तुझ्या प्रश्नाचं. मला वाटलं होतं, मी ओडुरोसाठी गप्प आहे. लोकांनाही तसंच वाटेल, आईच ती. पण ते पुरतं खरं नाही. ओडुरो नसता तरी मी गप्पच बसले असते.

त्या शनिवारी अदोमाको मामांनी पेला माझ्या हातात दिला तेव्हा मी म्हटलं, मामा, मी मंडळातली, मला लिंबाचं सरबत द्या. ते म्हणाले, सरबतानं साक्ष होत नाही, अज्वा. भाऊ तुझ्याकडे बघतोय. क्वाबेना खरंच बघत होता. मी पेला ओठांना लावला. नुसता लावायचा आणि उरलेला केळीच्या बुंध्याशी ओतायचा, असं ठरवलं होतं. ओतलाही. पण आधी एक घोट आत गेला होता. अबेना, तो चुकून गेला असं मी दीड वर्ष स्वतःला सांगितलं. तो चुकून गेला नव्हता. भावाला बरं वाटावं म्हणून मी गिळला.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. मी प्रभुभोजनाच्या मेजासमोर गेले. तोंडाला अजून वास येतोय असं वाटत होतं, तरी भाकर घेतली. हे कुणाला सांगितलं नाही. मग अदोमाको मामा गेले, क्वाबेना गेला, आणि पेल्याचं बोलणारी तू एकटी उरलीस. पेला फिरलाच नाही असं झालं, तर मी प्यायलेच नाही असं होत होतं. भावाचं दान बुडालं तर माझा घोटही बुडाला. हे असं मी मनाशी उघड कधी म्हटलं नाही. पण चाळिसाव्या दिवशी तोंड उघडलं नाही ते त्यापायीच. आता कळलं?

बुधवारी पाळकांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मंडळाच्या वह्या एस्तरबाईंच्या स्वाधीन करा, आणि सहा महिने मागच्या बाकावर बसा, मेजाकडे येऊ नका. अकरा वर्षांच्या वह्या मी डोक्यावर वाहून नेल्या. एस्तरबाईंनी दारातच विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "१९ तारखेला कळेल." म्हणजे आता आसुबोनेत कुणी घरी राहणार नाही, सगळे येतील.

ओडुरो माझ्या हातचं खात नाही. शिंप्याकडे झोपतो. काल वाटेत भेटला तर म्हणाला, "मामीला शेत दे, तिलाच मुलगा म्हण." तो लहानपणी रागावला की असाच मान एका बाजूला करून उभा राहायचा. तुझ्या लेकीला शेत मिळेल. माझा मुलगा मला परत मिळेल का, ते मला माहीत नाही. हेही हिशेबात धर.

ओपान्यिनना मी सांगून आले की वर्षाच्या दिवशी मला बोलायचंय. ते म्हणाले, न विचारता दिलेली साक्ष म्हणजे बडबड. ज्यानं आभाराची बाटली फोडली त्यानं बैठकीत उभं राहून साक्षीदाराला विचारायचं, आणि साक्षीदारानं उत्तर द्यायचं. ती रीत आहे. बाटली तू फोडली होतीस. सेर्वा लहान म्हणून तिच्या वतीनं तू उभी होतीस, तेव्हा आताही तूच विचारायचंस. तू नाही आलीस तर मला विचारणारं कुणी नाही. आणि खरं सांगायचं तर, कुणी विचारलं नाही तर मी पुन्हा गप्प बसेन. माझा मला भरवसा नाही.

तू शपथ घेतलीयस की या अंगणात पाय ठेवणार नाही. ती मोडायला मी तुझी विनवणी करणार नाही. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही फिरलेलं नाही; तू बोलायला वाईट आणि वागायला उद्धट आहेस, आणि क्वाबेनानं तुझ्याशी लग्न केलं तेव्हा मी जे म्हटलं होतं ते आजही म्हणेन.

आलीस तर एक पाळ. गोड विचारू नकोस. लोकांसमोर "वन्सं, दुखवायचं नाही हो, पण" असलं काही सुरू करू नकोस. माझ्यावर दया केलीस तर मी त्या दयेच्या आडून पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोलून बसेन. पत्रात जसं विचारलंस तसंच विचार: प्यायलात की नाही. तेवढंच, आणि माझ्या तोंडाकडे बघत.

मेन्साची गाडी मंगळवारी दुपारी कुमासीहून निघते. तू येतेस की नाही, त्याच गाडीनं कळव.

अज्वा न्यार्को